‘असुरक्षित’ म्हणजे नेमके काय?

दवाखान्यातील केसपेपरवर अनेकदा एक ओळ असते : असुरक्षित लैंगिक संबंध – होय किंवा नाही. डॉक्टर विचारतात, रुग्ण खाली मान घालून उत्तर देतो, एका पर्यायावर खूण होते आणि पुढचा प्रश्न येतो. या एका खुणेमागे किती वेगवेगळी माणसे दडलेली असू शकतात, याचा विचार सहसा होत नाही.

चार पुरुषांचे उदाहरण घेऊ. चौघांचेही जोडीदार पुरुष आहेत. पहिला कंडोम वापरत नाही, पण एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून मिळणारी प्रतिबंधक गोळी, म्हणजे प्रेप, रोज न चुकता घेतो. दुसऱ्याचा जोडीदार एचआयव्हीसह जगतो. त्याचे औषधोपचार नियमित सुरू आहेत आणि रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली गेले आहे. हे दोघेही कंडोम वापरत नाहीत. तिसरा ना कंडोम वापरतो, ना गोळी घेतो आणि जोडीदाराची चाचणी शेवटची कधी झाली हे त्याला ठाऊक नाही. चौथा मात्र कंडोम वापरतो. काल रात्री तो फाटला.

केसपेपरवर पहिल्या तिघांपुढे ‘होय’ लागेल आणि चौथ्यापुढे ‘नाही’. प्रत्यक्षात पहिल्या दोघांना एचआयव्हीचा धोका जवळजवळ नाही, तिसऱ्याला मोठा आहे आणि चौथ्याला तातडीने मदत हवी आहे. संसर्गाची शक्यता असलेल्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत औषधे सुरू केली आणि ती २८ दिवस घेतली, तर संसर्ग टळण्याची चांगली शक्यता असते. ‘नाही’वर खूण करून घरी गेलेल्या त्या चौथ्या माणसाचे ७२ तास मात्र भरत आलेले असतात. एका सैल शब्दाची किंमत ती एवढी.

हा शब्द आला कुठून, हे पाहिले म्हणजे तो आज का अपुरा पडतो ते कळते. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, लॉस एंजेलिसमधील पाच तरुण समलिंगी पुरुषांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली. एड्सच्या साथीची ही पहिली अधिकृत नोंद. कारण माहीत नव्हते, उपचार नव्हते, चाचणीही नव्हती. पुढच्या वर्षी काही काळ या आजाराला ‘समलिंगींशी संबंधित प्रतिकारशक्तीचा विकार’ अशा अर्थाचे नाव चिकटले. सप्टेंबर १९८२ मध्ये सीडीसीने ‘एड्स’ हे नाव वापरायला सुरुवात केली. आजाराच्या नावातून माणसांचा गट वगळला गेला खरा, पण लोकांच्या बोलण्यातून तो गेला नाही.

मे १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड बर्कोविट्झ आणि मायकेल कॅलन या दोन समलिंगी पुरुषांनी डॉ. जोसेफ सॉनबेंड यांच्या मार्गदर्शनाखाली एक छोटी पुस्तिका काढली. साथीच्या काळात लैंगिक संबंध ठेवायचे असतील तर ते कसे ठेवावेत, हे तिचे सूत्र. आजाराच्या कारणाबद्दलचा त्यांचा अंदाज पुढे चुकीचा ठरला, पण सल्ला अचूक निघाला. शरीरातील स्रावांची देवाणघेवाण टाळा, कंडोम वापरा, असे त्यांनी सांगितले. कोणाशी संबंध ठेवता यापेक्षा काय करता याला महत्त्व आहे, हा त्यामागचा विचार होता. ‘सेफ सेक्स’ ही कल्पना अशी समाजातूनच पुढे आली आणि तिने असंख्य जीव वाचवले.

त्या काळात ‘सुरक्षित’ म्हणजे कंडोमसह आणि ‘असुरक्षित’ म्हणजे कंडोमशिवाय, हे समीकरण बरोबरच होते. संभोगात दुसरे कोणतेही संरक्षण उपलब्ध नव्हते. शब्द आणि वस्तुस्थिती यांत तफावत नव्हती.

वस्तुस्थिती बदलली ती २०१० नंतर. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘आयप्रेक्स’ अभ्यासात सहा देशांतील २,४९९ पुरुष व तृतीयपंथी स्त्रिया सहभागी होत्या. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन या औषधांची एकत्रित गोळी ज्यांना दिली, त्या गटात नव्या संसर्गाचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा साधारण वाटतो, कारण गोळी हाती असूनही अनेकांनी ती नियमित घेतली नव्हती. ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडले, त्यांच्यात संरक्षण कितीतरी जास्त होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीला प्रतिबंधासाठी मान्यता दिली. सांगितल्याप्रमाणे घेतल्यास ती लैंगिक मार्गाने होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी करते, असे सीडीसी सांगते.

दुसरा बदल उपचारांतून आला. २०११ मध्ये ‘एचपीटीएन ०५२’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर झाले. त्यात पुणे आणि चेन्नई येथील केंद्रेही होती. जोडप्यातील एचआयव्हीबाधित व्यक्तीला उपचार लवकर सुरू केले, तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे दिसले. ही जोडपी जवळपास सगळी स्त्री-पुरुषांची होती. समलिंगी पुरुषांबाबतचे निर्णायक उत्तर २०१९ मध्ये ‘पार्टनर-२’ या युरोपातील अभ्यासाने दिले. त्यात पुरुषांची ७८२ जोडपी होती. प्रत्येकात एकाला एचआयव्ही होता आणि त्याच्या रक्तातील विषाणू उपचारांमुळे मिलिलिटरमागे २०० प्रतींच्या खाली होते. अभ्यासाच्या काळात या जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय ७६ हजारांहून अधिक वेळा गुदसंभोग झाला. नवे संसर्ग १५ जणांना झाले, पण विषाणूंची जनुकीय तपासणी केल्यावर त्यातला एकही जोडीदाराकडून आलेला नव्हता. ते सगळे बाहेरच्या संबंधांतून आले होते. जोडीदाराकडून झालेले संसर्ग : शून्य. विषाणू सापडत नाही, म्हणून तो लैंगिक संबंधातून पसरतही नाही, हे सूत्र आता जगभर मान्य झाले आहे आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ते स्पष्ट शब्दांत मांडले.

म्हणजे एकेकाळी एकच असलेल्या प्रश्नाचे आता दोन प्रश्न झाले. कंडोम होता का, हा एक. एचआयव्हीपासून संरक्षण होते का, हा दुसरा. ‘असुरक्षित’ हा शब्द या दोहोंना अजूनही एकच समजतो.

अमेरिकेतील एचआयव्ही कार्यकर्त्यांनी नेमके यावरच बोट ठेवले. गोळी घेणाऱ्या माणसाला ‘अनप्रोटेक्टेड’ म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे, असे त्यांनी सीडीसीला कळवले. २०१४ मध्ये सीडीसीने ते मान्य केले आणि ‘अनप्रोटेक्टेड सेक्स’ऐवजी ‘कंडोमलेस सेक्स’, म्हणजे कंडोमविना संबंध, असे लिहायचे ठरवले. बदल एका शब्दाचा, पण त्यामुळे निवाडा जाऊन वर्णन आले. कंडोम नव्हता, एवढेच नवा शब्द सांगतो. धोका होता की नाही, हे पुढचे प्रश्न विचारून ठरवावे लागते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. शब्द मवाळ केला की माणसे बेफिकीर होतात, गोळी आहे म्हणून कंडोम टाकून देतात आणि मग सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया वाढतात, असे अनेक डॉक्टर म्हणतात. त्यातला एक भाग खरा आहे. प्रेपची गोळी फक्त एचआयव्हीला रोखते, बाकीच्या लैंगिक आजारांना नाही. विषाणू न सापडणे हेही फक्त एचआयव्हीपुरते आहे. कंडोम मात्र एकाच वेळी अनेक आजारांपासून बराच बचाव करतो, स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. त्याचे स्थान कोणत्याही गोळीने संपलेले नाही.

पण हा आक्षेप जुन्या शब्दाच्या बाजूचा नाही. तो अधिक नेमक्या शब्दांच्या बाजूचा आहे. ‘प्रेपवर आहे, कंडोम वापरत नाही’ असे ज्याच्या कागदावर लिहिलेले असते, त्याची सिफिलिसची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची हे डॉक्टरांना लगेच कळते. नुसते ‘असुरक्षित’ लिहिले, तर यातले काहीच कळत नाही. उलट बाजूनेही तसेच. कंडोम म्हणजे पूर्ण सुरक्षित, हेही अर्धसत्य आहे. गुदसंभोगात कंडोम नेहमी वापरतो असे सांगणाऱ्या अमेरिकेतील पुरुषांच्या जुन्या माहितीचे विश्लेषण झाले, तेव्हा एचआयव्हीपासूनचे संरक्षण एका अभ्यासात सुमारे ७० टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ९१ टक्के आढळले. हे संरक्षण मोठे आहे, पण शंभर टक्के नाही. कंडोम फाटतो, निसटतो, कधी उशिरा लावला जातो. ‘सुरक्षित’ हा शब्द हे सगळे झाकून टाकतो.

धोका कृतीनुसारही बदलतो. कोणतेही संरक्षण नसताना एचआयव्हीबाधित व्यक्तीशी दहा हजार वेळा संबंध आला, तर किती वेळा संसर्ग होईल, याचे सीडीसी वापरत असलेले अंदाज बोलके आहेत. गुदसंभोगात स्वीकारणाऱ्या जोडीदारासाठी हा आकडा १३८ आहे, दुसऱ्या जोडीदारासाठी ११. योनिसंभोगात स्त्रीसाठी ८ आणि पुरुषासाठी ४. मुखमैथुनात धोका अगदीच कमी. गुदाशयाचे अस्तर पातळ असते आणि विषाणू ज्या पेशींत शिरतो त्या तिथे मोठ्या संख्येने असतात, हे या फरकामागचे शरीरशास्त्र आहे. यात समलिंगी असण्याचा काही संबंध नाही. स्त्री-पुरुषांमधील गुदसंभोगालाही हेच लागू होते. मात्र हा प्रश्न विवाहित जोडप्यांना कोणी विचारतच नाही, कारण ते ‘त्या गटात’ बसत नाहीत.

इथे दुसरा शब्द येतो – ‘उच्च जोखीम गट’. साथीच्या सुरुवातीच्या काळात अमेरिकेत समलिंगी, हैतीचे नागरिक, हिमोफिलियाचे रुग्ण आणि हेरॉइन घेणारे अशा चार गटांवर आजाराचा शिक्का बसला. हैतीतून आलेल्यांना त्याची जबर सामाजिक किंमत मोजावी लागली. गटाचे नाव घेतले की दोन चुका एकदम होतात. गटातला प्रत्येक माणूस संशयित ठरतो आणि गटाबाहेरचा प्रत्येक जण निर्धास्त होतो. भारतात प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते ३ टक्क्यांच्या वर आहे. या आकडेवारीकडे डोळेझाक करता येणार नाही. निधी आणि सेवा कुठे न्यायच्या, हे तिच्यावरूनच ठरते. पण समोर बसलेल्या एका माणसाचा धोका ती सांगत नाही. वर्षानुवर्षे एकाच जोडीदाराबरोबर राहणारा समलिंगी पुरुष आणि दर महिन्याला नव्या स्त्रीशी कंडोमविना संबंध ठेवणारा विवाहित गृहस्थ, यांतला कोण जोखमीत आहे, हे गटाच्या नावावरून कळत नाही.

रक्तदानाच्या नियमांत हा फरक स्पष्ट दिसतो. ब्रिटनने २०२१ मध्ये आणि अमेरिकेने २०२३ मध्ये समलिंगी पुरुषांसाठीचे वेगळे निर्बंध काढले आणि प्रत्येक दात्याला अलीकडच्या कृतींबद्दल सारखेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. भारतात २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तृतीयपंथी व्यक्ती आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांना गट म्हणूनच वगळले. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. इथेही नेमकेपणा दोन्ही बाजूंनी लागतो. विषाणू सापडत नाही म्हणून लैंगिक संबंधातून पसरत नाही, हे खरे. पण हे सूत्र रक्त देण्याघेण्याला लागू नाही. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीने रक्तदान करायचे नसते, उपचार कितीही चांगले चालू असले तरी.

‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ हा लांबलचक शब्दप्रयोगही याच गरजेतून आला. आपल्याकडे लग्न झालेला, मुले असलेला आणि स्वतःला कधीही समलिंगी न म्हणणारा पुरुष पुरुषांशी संबंध ठेवतो, हे दुर्मीळ नाही. ‘तुम्ही समलिंगी आहात का’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. म्हणून ओळख विचारू नका, कृती विचारा, असे साथरोगतज्ज्ञांनी ठरवले. त्याचवेळी समलिंगी म्हणून उजळ माथ्याने जगणाऱ्यांना या शब्दाने आपले प्रेम आणि नाती पुसली जातात असे वाटते. दोघांचेही म्हणणे योग्य आहे. कागदावरच्या आकडेवारीला एक शब्द लागतो. माणसाशी बोलताना त्याने स्वतःसाठी निवडलेला शब्द वापरावा.

मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. इथे संरक्षणाची भाषा कुटुंबनियोजनातून आली. ‘निरोध’ हे सरकारी कंडोमचे नाव १९६० च्या दशकापासून घराघरांत पोहोचले, ते पाळणा लांबवण्यासाठी. त्यामुळे ‘काही वापरता का’ या प्रश्नाचा अर्थ आजही अनेकांच्या मनात गर्भधारणेशी जोडलेला आहे. दोन पुरुषांत तो प्रश्नच नसल्याने कंडोमची गरज नाही, असा समज सहज होतो. दुसरीकडे लैंगिक आजारांना मराठीत नाव आहे ‘गुप्तरोग’. रेल्वेच्या भिंतींवर खात्रीशीर इलाजाच्या जाहिराती याच शब्दाने रंगलेल्या असतात. आजार लपवायचा असतो, हे ज्याच्या नावातच लिहिले आहे, त्याची चाचणी कोण स्वतःहून करायला जाईल?

मोबाइलवरच्या ओळखींमध्ये ‘क्लीन आहेस का’ असे विचारले जाते, तेही याच पठडीतले. क्लीन म्हणजे एचआयव्ही नसलेला. म्हणजे ज्याला आहे तो घाणेरडा, हे न बोलता बोलले जाते. शिवाय हे उत्तर विश्वासार्हही नाही. संसर्गानंतर पहिले काही आठवडे रक्तातील विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक असते, तर चाचणी अजून नकारात्मक येऊ शकते. सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालावर स्वतःला ‘क्लीन’ म्हणणाऱ्यापेक्षा, नियमित औषधे घेणारा आणि विषाणू न सापडणारा एचआयव्हीबाधित जोडीदार संसर्गाच्या दृष्टीने निर्धोक असतो. ‘क्लीन’ या शब्दाने नेमकी उलटी निवड होते.

लपवण्याची ही सवय केवळ लाजेतून आलेली नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत होते. या कलमामुळे माणसे प्रतिबंधक सेवांपासून दूर राहतात, असे प्रतिज्ञापत्र खुद्द राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, दिल्ली उच्च न्यायालयात दिले होते. त्याच खटल्यात गृह मंत्रालयाची भूमिका मात्र कलमाच्या बाजूची होती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्याच महिन्यात एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा लागू झाला आणि उपचार, नोकरी, शिक्षण यांत भेदभाव करण्यास मनाई झाली. कायद्याची भीती गेली. तपासणीच्या टेबलापलीकडून येणाऱ्या नजरेची भीती मात्र न्यायालयाच्या निकालाने जात नाही. ‘लग्न झालंय ना, मग कसं झालं हे?’ एवढा एक प्रश्न माणसाला पुन्हा कधीही दवाखान्याची पायरी चढू न देण्यास पुरेसा असतो.

सुधारणेला फार मोठा खर्च येणार नाही. एका होय-नाहीच्या जागी डॉक्टरांनी पाच-सहा साधे प्रश्न विचारावेत. जोडीदार पुरुष, स्त्री की दोन्ही? संबंध कोणत्या प्रकारचा? कंडोम होता का आणि शेवटपर्यंत टिकला का? प्रेप घेता का, रोज घेता का? जोडीदाराची एचआयव्ही स्थिती आणि उपचार यांबद्दल काही माहीत आहे का? शेवटचा संबंध होऊन ७२ तास झालेत का? हेच प्रश्न सगळ्यांना, त्याच सुरात विचारले, तर कोणालाही आपल्यावर आरोप होतो आहे असे वाटणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत ताप आणि खोकल्याची माहिती कशी घ्यावी हे शिकवले जाते. लैंगिक इतिहासाची माहिती घेणे तितक्याच सरावाने शिकवायला हवे.

वृत्तपत्रांचीही यात जबाबदारी आहे. ‘एड्सग्रस्त’ आणि ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ यांत वैद्यकीय फरक आहे : एड्स ही उपचार न झालेल्या संसर्गाची शेवटची अवस्था आहे आणि वेळेवर औषधे घेणारे बहुतेक जण तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे २००४ पासून मोफत मिळत आहेत. प्रेपबाबत नॅकोची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती गोळी अजून एआरटीइतकी सहज हाती येत नाही. ज्या गोष्टीला लोकांच्या भाषेत नावच नाही, तिची मागणी तरी लोक कशी करणार? प्रेप हा शब्द कंडोमइतकाच ओळखीचा होईल, तेव्हाच ती मिळावी म्हणून आवाज उठेल.

तोवर निदान एवढे सर्वांना ठाऊक असावे. कंडोम फाटला, गोळी चुकली किंवा मनात शंका आली, तर तीन दिवस उलटायच्या आत सरकारी रुग्णालयातील एआरटी केंद्र किंवा तातडीचा विभाग गाठावा आणि घडले ते जसेच्या तसे सांगावे. नॅकोची १०९७ ही मोफत हेल्पलाइन माहिती देते. चाचणी एकदा नकारात्मक आली, तरी सांगितलेल्या मुदतीनंतर ती पुन्हा करावी.

एचआयव्ही रोखण्याची साधने आज १९८३ च्या तुलनेत कितीतरी अधिक आहेत. त्यांतले कोणते कोणाला लागते, हे ठरवण्यासाठी आधी काय घडले ते स्पष्ट सांगता यावे लागते आणि ऐकणाऱ्याला ते न बिचकता ऐकता यावे लागते. विषाणू माणसाची ओळख विचारत नाही, त्याचे लग्न झाले आहे का हेही पाहत नाही. डॉक्टरांच्या कागदावरच्या शब्दांनीही ते पाहू नये.